पारिजातक आणि केशरी तांदूळ

आमचं मुदखेड मोगरा-गुलाबाच्या मळ्यांचं गाव. तरी लग्न होऊन आले तेव्हा पूजेच्या थाळीत फूल नव्हतं. माझ्या माहेरी बीसपंथ, पूजेला ताजी फुलं. सासरी दिगंबर तेरापंथ, फुलांच्या जागी केशरात रंगवलेले तांदूळ.

हा भेद आमच्या घरापुरता नव्हे, जुना आहे. सतराव्या शतकात आग्रा-सांगानेरकडच्या दिगंबर श्रावकांनी भट्टारकांच्या काळातल्या रूढींवर प्रश्न उभा केला. फुलात जीव असतो, मग ते तोडून पूजा कशी करायची? त्यातून तेरापंथ रुजला. महाराष्ट्रात मात्र बहुतेक ठिकाणी बीसपंथाची फुलं टिकली.

मी हिरमुसले होते. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पहिल्या पावसात त्यांनी अंगणात पारिजातकाचं रोप लावलं. "हे तोडावं लागत नाही," एवढंच म्हणाल्या. झाड फुलायला लागल्यावर रात्री त्याखाली धुतलेलं सुती लुगडं अंथरायच्या आणि पहाटे पडलेली फुलं माझ्या ओंजळीत घालायच्या.

आता त्या नाहीत. बहर सरला की मी वाळक्या फांद्या छाटते, आळ्यात शेणखत घालते. थाळीत दोन्ही असतं, त्यांचे तांदूळ आणि माझी फुलं.