पोट भरलेला मासा

येरमाळ्याजवळच्या तलावावर तात्या गळ टाकायला जायचे, तेव्हा आधी काचेचा ग्लास पाण्यात बुडवून उन्हात धरायचे. कधी गळ सोडायचे, कधी दोरी गुंडाळून सरळ घरी. मला तो आळस वाटायचा. "आज मासा जेवलाय," एवढंच ते म्हणायचे.

या जेवणाचा इतिहास शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. उमरग्याच्या पलीकडं, कर्नाटकात बसवकल्याण आहे. तीच चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथला राजा सोमेश्वर तिसरा याने १२व्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात 'मत्स्यविनोद' असं प्रकरणच आहे. माशांच्या जाती, त्यांचं खाद्य, गळ टाकण्याची रीत, सगळं त्यात येतं. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्यावर लेख लिहिला. कुठल्या माशाला काय आवडतं, हा प्रश्न आपल्या शेजारी नऊशे वर्षांपूर्वी विचारला गेला होता.

तात्यांच्या तलावातले मासे मात्र मूळचे इथले नव्हेत. कटला, रोहू, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले. साठलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत, म्हणून पूर्वी बीज नदीतून गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथं हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून प्रजनन घडवलं. त्यानंतर बोटुकली दूरच्या तलावांपर्यंत पोचवणं सोपं झालं. इकडं १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यात हाताला काम म्हणून जागोजागी तलाव खोदले गेले होते. बाहेरचा मासा आणि दुष्काळाचं पाणी अशी ही गाठ पडली.

हे मासे एकत्र सोडतात ते त्यांच्या पोटाकडं बघून. कटला वरच्या थरात सूक्ष्म प्राणी गाळून खातो, रोहू मधल्या थरात शेवाळ आणि वनस्पती, मृगळ तळाचा कुजका पाला. बाहेरून आणलेला सायप्रिनस चिखल उकरून अळ्या आणि गोगलगायी शोधतो. म्हणजे गळ किती खोल सोडायचा, हे आधी तलावच ठरवतो.

२०१६च्या उन्हाळ्यात आमचा तलाव पार आटला. तळाला भेगा पडल्या, त्यात गवत उगवलं, गुरं बसली. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर जोराचा पाऊस आला आणि ते शेण-गवत पाण्याखाली गेलं. पाणी निवळल्यावर ऊन आत शिरलं आणि तलाव हिरवागार झाला. नवी बोटुकली सोडली, ती भराभर वाढली. पुढच्या हिवाळ्यात मासे डोळ्यांदेखत उड्या मारायचे, पण कणकेच्या गोळीला एकही तोंड लावायचा नाही. मी आठवडाभर आमिषं बदलत बसलो. पेंड, गांडूळ, गूळ घालून मळलेलं पीठ. शेवटी तात्यांनी ग्लास माझ्या हातात दिला. पाण्यात बारीक ठिपके तुरुतुरु पळत होते.

"पंगतीत बसलेल्याला शिळी भाकरी दाखवतोयस," ते म्हणाले. "येडाईच्या यात्रेपर्यंत थांब."

चैत्रात पाणी तळाला गेलं, ठिपके विरळ झाले. पहिल्याच सकाळी तळाशी सोडलेल्या गांडुळाला सायप्रिनस लागला.

तात्या आता नाहीत. गळ नवा घेतला, ग्लास तोच आहे.