हॅलोविनचे पान : मुखवट्यामागचे चेहरे जपणारी चिकटवही

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मुले चेटकीण, सांगाडा, वटवाघूळ, भूत अशी नाना सोंगे घेऊन शेजारपाजारच्या घरांची दारे ठोठावतात आणि पिशव्या भरभरून गोळ्या-चॉकलेटे घेऊन परततात. या संध्याकाळची छायाचित्रे तेथील बहुतेक घरांत असतात आणि ती चिकटवहीत, म्हणजेच स्क्रॅपबुकात, सजवून ठेवण्याचा छंदही तेथे चांगलाच रुजलेला आहे. मात्र या छायाचित्रांना एक अडचण असते, ती इतर समारंभांच्या छायाचित्रांना नसते. वाढदिवसाच्या किंवा लग्नाच्या छायाचित्रात निदान चेहरा दिसतो. येथे तोच झाकलेला असतो. पांढऱ्या चादरीखालचे भूत म्हणजे थोरला की धाकटा, हे दहा वर्षांनंतर घरच्यांनाही खात्रीने सांगता येईलच असे नाही. म्हणून हॅलोविनचे पान करताना सजावटीहून अधिक महत्त्व दोन गोष्टींना द्यावे लागते : कोण कोण होते याची नोंद, आणि ती नोंद व छायाचित्रे टिकवून धरणारे साहित्य.

सण आणि त्याचे रंग

ख्रिस्ती परंपरेत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस मानला जातो. त्याच्या आदल्या संध्याकाळच्या इंग्रजी नावावरून 'हॅलोविन' हा शब्द आला. या सणाच्या अनेक चालीरीतींचा संबंध आयर्लंड व स्कॉटलंडमधील 'साविन' या प्राचीन केल्टिक हंगामी उत्सवाशी जोडला जातो. सुगी संपून हिवाळा सुरू होण्याच्या या वेळी मृतात्मे भूतलावर वावरतात, अशी तेथील लोकसमजूत होती. आयर्लंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. एकोणिसाव्या शतकात आयरिश व स्कॉटिश स्थलांतरितांबरोबर ही प्रथा अमेरिकेत पोहोचली आणि सलगमाची जागा तेथे मुबलक पिकणाऱ्या, कोरायला सोप्या अशा भोपळ्याने घेतली.

नारिंगी व काळा ही रंगांची जोडी घराघरांत पोहोचवण्यात कागदाच्या व्यापाराचाही वाटा आहे. मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम येथील डेनिसन कंपनी क्रेप कागद बनवीत असे. तिने १९०९ साली 'बोगी बुक' नावाची पुस्तिका काढली आणि पुढे अनेक वर्षे तिच्या नव्या आवृत्त्या प्रसिद्ध केल्या. क्रेप कागदापासून हॅलोविनची सजावट आणि पोशाख कसे करावेत, याचे मार्गदर्शन या पुस्तिकांत असे. घरोघरी गोळ्या मागत फिरण्याची प्रथा अमेरिकेत प्रामुख्याने १९३०च्या दशकापासून पसरू लागली. दुसऱ्या महायुद्धातील साखरेचे रेशनिंग १९४७ साली संपल्यावर तिने चांगलेच मूळ धरले.

चिकटवहीची परंपरा

कात्रणे, पत्रे, चित्रे वहीत चिकटवून ठेवण्याची हौस एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत सर्वत्र होती. प्रसिद्ध लेखक मार्क ट्वेन यांनी तर १८७३ साली आधीच गोंद लावलेल्या पानांच्या चिकटवहीचे पेटंट मिळवले होते. पान ओले करावे आणि कात्रण दाबावे, एवढेच काम उरत असे. आजच्या कौटुंबिक चिकटवहीच्या छंदाचा उगम मात्र अमेरिकेतील युटा राज्यात सांगितला जातो. तेथे मॉर्मन पंथीयांमध्ये वंशावळी व घराण्याच्या नोंदी जपण्याची दृढ परंपरा आहे. १९८० साली सॉल्ट लेक सिटी येथे भरलेल्या जागतिक अभिलेख परिषदेत मेरिलिन क्रिस्टेन्सन यांनी आपल्या कुटुंबाचे आल्बम मांडले आणि त्यातून या छंदाला मोठी चालना मिळाली. पुढे बारा इंच लांब व बारा इंच रुंद असे चौरस पान या छंदात रूढ झाले.

छायाचित्रांची निवड

एका पानावर चार ते पाच छायाचित्रे पुरेशी होतात. त्यांपैकी एक मुख्य मानावे आणि बाकीची त्याला पूरक असावीत. हॅलोविनच्या बाबतीत एक नियम कटाक्षाने पाळावा : मुखवटा घातलेल्या प्रत्येक छायाचित्राला जोड म्हणून त्याच व्यक्तीचे, त्याच पोशाखातील, पण मुखवटा वर सरकवलेले एक छायाचित्र हवे. घरातून निघण्यापूर्वी दारातच ही जोडी टिपून घेतली, तर पुढे शोधाशोध करावी लागत नाही. त्या वेळी सूर्यास्तापूर्वीचा प्रकाश मिळाला, तर चेहऱ्याचा व कापडाचा रंगही खरा उमटतो.

उरलेल्या छायाचित्रांत संध्याकाळची तयारी आणि शेवट यावा. भोपळा कोरताना गराने माखलेले हात, टाके घालणारी आई किंवा आजी, परतल्यावर जमिनीवर मांडलेली गोळ्यांची रास यांतून जी गोष्ट उभी राहते, ती एकामागून एक लावलेल्या पाच सोंगांतून उभी राहत नाही. कोरलेल्या भोपळ्यातील दिव्याचे छायाचित्र घेताना फ्लॅश बंद ठेवावा आणि कॅमेरा तिकाटण्यावर किंवा एखाद्या स्थिर जागी टेकवावा. फ्लॅशच्या उजेडात आतल्या ज्योतीची आभा नाहीशी होते.

रात्रीच्या छायाचित्रांवर पिवळट झाक येते आणि फ्लॅशमुळे डोळे लाल दिसतात. लाल डोळे संगणकावर दुरुस्त करता येतात. रंग फारच बिघडले असतील, तर ती छायाचित्रे कृष्णधवल करून घ्यावीत. मुख्य छायाचित्र रंगीत आणि पूरक छायाचित्रे कृष्णधवल ठेवल्यास पानावर रंगांची गर्दीही होत नाही.

जुन्या, एकुलत्या एक प्रतीला मात्र कात्री लावू नये. तिची प्रत काढून घ्यावी आणि कापाकापी त्या प्रतीवरच करावी. झटपट छायाचित्रांच्या, म्हणजे पोलरॉइड पद्धतीच्या प्रती तर कधीच कापू नयेत. त्यांच्या थरांमध्ये रसायने असतात आणि कापल्यावर ते थर सुटू लागतात.

पानाची मांडणी

बारा इंची चौरस पानासाठी एक साधी, हमखास साधणारी मांडणी पुढीलप्रमाणे करता येईल. पार्श्वभूमीला फिकट बदामी किंवा राखी रंगाचा जाड कार्डपेपर घ्यावा आणि चारही बाजूंना एक इंच समास सोडावा.

मुख्य छायाचित्र पाच इंच रुंद व सात इंच उंच असावे. त्यामागे सव्वापाच बाय सव्वासात इंचांचा काळा कागद लावला की सर्व बाजूंनी एक अष्टमांश इंचाची रेखीव किनार दिसते. हा भाग समास सोडून डाव्या वरच्या कोपऱ्यात बसवावा. त्याच्या खाली अर्धा इंच जागा सोडून तीन लहान छायाचित्रांची आडवी पट्टी घ्यावी. प्रत्येकाची रुंदी तीन इंच व उंची सव्वादोन इंच असावी आणि दोहोंमध्ये अर्धा इंच अंतर ठेवावे. म्हणजे पट्टीची लांबी बरोबर दहा इंच होते आणि खालचा समासही एक इंचच राहतो.

मुख्य छायाचित्राच्या उजवीकडे, अर्धा इंच अंतर सोडल्यावर, सव्वाचार इंच रुंदीचा उभा भाग शिल्लक राहतो. त्याच्या वरच्या दोन इंचांत शीर्षक आणि खालच्या भागात मजकूर लिहावा. अनेक हौशी पानांत मजकुराची जागा अगदी शेवटी, उरलेल्या कोपऱ्यात शोधली जाते आणि मग तेथे जेमतेम तारीख मावते. येथे ती आरंभीच राखून ठेवलेली आहे.

सजावटीचे कागदी नमुने तीनच ठेवावेत. शीर्षकाजवळ वटवाघूळ, मुख्य छायाचित्राच्या डाव्या खालच्या कोपऱ्यावर भोपळा आणि मजकुराच्या उजव्या खालच्या बाजूला कोळ्याचे जाळे, अशी त्रिकोणी रचना केल्यास नजर पानभर फिरते. नारिंगी रंग या तीन ठिकाणांपुरता आणि शीर्षकापुरता राखावा. सारे पानच नारिंगी केले, तर चेहऱ्यांचे रंग निस्तेज वाटू लागतात. जांभळा किंवा पोपटी यांपैकी एखादा रंग जोडीला चालतो. दोन्ही एकत्र घेतल्यास छायाचित्रे मागे पडतात.

हेच पान संगणकावर करायचे असल्यास उत्तम छपाईसाठी दर इंचाला ३०० बिंदू हे प्रमाण धरावे. त्यानुसार बारा इंची चौरस पान ३६०० गुणिले ३६०० बिंदूंचे होते.

मजकूर कसा असावा

मजकुरात पहिली ओळ नावांची असावी. 'डावीकडून' असे लिहून प्रत्येकाचे पूर्ण नाव, त्या वेळचे वय आणि घेतलेले सोंग यांची नोंद करावी. 'आमचे छोटे राक्षस' यासारखे शीर्षक गोड असले, तरी त्यावरून पुढच्या पिढीला काहीच कळत नाही. त्यानंतर वर्ष, गाव आणि मोहल्ला लिहावा. पोशाख विकत आणला की घरी शिवला, कोणाच्या जुन्या साडीचा किंवा कोटाचा बेतला, तो पुढच्या वर्षी धाकट्याने घातला का, हे तपशील चित्रात दिसत नाहीत. ते शब्दांतच जपावे लागतात. घाबरून कोणी अर्ध्या वाटेवरून परतले असेल, तर तेही लिहावे.

अलीकडे फोनने काढलेल्या छायाचित्रांत तारीख व वेळ आपोआप नोंदली जाते. परंतु मुखवट्याआड कोण आहे, हे त्या नोंदीत येत नाही. त्यामुळे आठवण ताजी असतानाच, शक्यतो त्याच आठवड्यात, मजकुराचा कच्चा खर्डा करून ठेवणे इष्ट. मजकूर घरातील एखाद्याच्या हस्ताक्षरात असेल तर ते हस्ताक्षरही पानाबरोबर जपले जाते. त्यासाठी न फिकटणाऱ्या, पाण्याने न पसरणाऱ्या रंगद्रव्ययुक्त शाईचे पेन वापरावे. छायाचित्राच्या पाठीवर बॉलपेनने दाबून लिहू नये. त्याचे वळ पुढच्या बाजूला उठतात.

टिकाऊपणाची कसोटी

वर्तमानपत्राचा कागद उन्हात पिवळा पडतो, कारण त्यात लाकडातील लिग्निन हा घटक शिल्लक असतो. कागदात आम्लही असल्यास तो ठिसूळ होतो आणि शेजारच्या छायाचित्राला अपाय करतो. म्हणून पानासाठी आम्लमुक्त व लिग्निनमुक्त कागद निवडावा. मात्र वेष्टनावर 'आम्लमुक्त' असे छापलेले असणे एवढेच पुरेसे नाही. छायाचित्रांलगत ठेवायच्या साहित्यासाठी आयएसओ १८९१६ ही आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. तीत ते साहित्य ७० अंश सेल्सिअस तापमान व ८६ टक्के सापेक्ष आर्द्रतेत पंधरा दिवस ठेवून त्याचा छायाचित्रावर होणारा परिणाम तपासला जातो. ही चाचणी उत्तीर्ण झालेले साहित्य अधिक भरवशाचे.

हॅलोविनच्या पानाला एक खास धोका संभवतो. गडद काळे, जांभळे व नारिंगी कागद दमट हवेत रंग सोडू शकतात आणि क्रेप कागदाचा रंग तर थोड्याशा ओलाव्यानेही पसरतो. अशा कागदाचा एक कोपरा ओल्या पांढऱ्या कापडावर दाबून आधी पाहावा. रंग उतरला, तर तो कागद छायाचित्राला स्पर्श होईल असा लावू नये.

गोळ्यांची वेष्टने आठवण म्हणून लावण्याचा मोह होतो, पण त्यांना लागलेली साखर व स्निग्धांश मुंग्या आणि कसर यांना आमंत्रण देतात. त्यांचे छायाचित्र काढून लावणे बरे. घरगुती खळीने चिकटवलेल्या कागदालाही कसर लागते, तर सेलोटेप कालांतराने पिवळी पडून डाग सोडते. छायाचित्र कागदी कोपऱ्यांत बसवणे सर्वांत सुरक्षित, कारण गरज पडल्यास ते अलगद काढता येते. पानावरचे पारदर्शक आवरण पीव्हीसीचे नसावे. पॉलिप्रोपिलिन किंवा पॉलिएस्टरचे असावे. वही माळ्यावर किंवा ओल येणाऱ्या भिंतीलगत ठेवू नये. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या जवळ ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात.

परदेशस्थ मराठी घरांतील पान

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठी या पानाला आणखी एक पदर असतो. हॅलोविन बहुधा दिवाळीच्या आगेमागे येतो. २०१६ साली ३१ ऑक्टोबरला बलिप्रतिपदा होती, तर २०२४ साली महाराष्ट्रातील पंचांगानुसार त्याच तारखेला नरक चतुर्दशी होती. अशा वर्षी अंगणातील पणत्या आणि कोरलेला भोपळा शेजारी शेजारी असलेले एखादे छायाचित्र पानाच्या मध्यभागी यायला हवे. लेकीच्या घरून भोपळ्यात बसून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट मराठी मुलांच्या परिचयाची आहे. शीर्षकासाठी तिचा आधार घेता येईल.

मजकूर मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहिल्यास पुण्या-नागपूरकडचे आजी-आजोबा आणि तिकडे वाढणारी नातवंडे या दोघांनाही ते पान वाचता येईल. मराठी मजकुरात नात्यांचे उल्लेखही नेमके करता येतात. मुलाला वटवाघळाचे पंख कोणी शिवून दिले, मावशीने की आत्याने, हे इंग्रजीतील एकाच शब्दात हरवते. मराठी ओळीत ते कायमचे राहते.