तळेगावची काच आणि आजची विद्यापीठे

मावळात उच्च शिक्षणाचा विचार करताना आज आंबीचे डी. वाय. पाटील विद्यापीठ आणि साते येथील पिंपरी चिंचवड विद्यापीठ अशी दोन नावे शेजारी येतात. दोन्ही खासगी, दोन्ही राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली, अभ्यासक्रमही बरेचसे सारखे. मग फरक शोधायचा कुठे? माझ्या मते त्याची कसोटी मावळातल्याच तळेगावच्या इतिहासात आहे. प्रा. विष्णू गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय इथे राष्ट्रीय शिक्षण देत होते. 1910 मध्ये इंग्रज सरकारने ते बंद पाडले. याच गावात 1908 मध्ये अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडातून, लोकांच्या एकेक पैशाच्या वर्गणीतून, काच कारखाना उभा राहिला. तिथल्या भट्टीपाशी शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या काच कारखान्यांत गेले. त्यांची ओळख हातातल्या कामाने झाली.

कोणी म्हणेल, तो काळ वेगळा. आज पदवीवाचून नोकरी नाही. खरे आहे, आणि सरकारची मर्जी फिरली की शाळेचे काय होते हे समर्थ विद्यालयाने भोगलेच. पण कायद्याचा आधार आजच्या दोन्ही विद्यापीठांना असताना निवड त्यावरून होणार नाही. उरते ते शिकवणे: प्रयोगशाळेत विद्यार्थी स्वतः किती काम करतो, शिक्षक टिकतात का, तळेगाव-चाकणच्या कारखान्यांशी नाते करारापुरते आहे की रोजच्या कामाचे. खासगी विद्यापीठ परीक्षा स्वतःच घेते, पदवीही स्वतःच देते. म्हणून ही चौकशी अधिकच गरजेची. पालकांनो, माहितीपत्रक बाजूला ठेवा, वर्ग चालू असताना दोन्हीकडे जा आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांशी बोला.