फोल्डरच्या खिडकीवर पूर्ण पत्ता कसा आणायचा? ‘सातबारा’ कुणाचा ते वरच दिसेल

लोणंद : १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेल्या लेट खरीप लाल कांद्याला राज्य शासनाने क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिले होते. मर्यादा २०० क्विंटल, म्हणजे एका शेतकऱ्याचे जास्तीत जास्त ७० हजार रुपये. त्यासाठी विक्रीची पट्टी, कांद्याची नोंद असलेला सातबारा आणि बँकेचे पासबुक लागत होते. पीक विमा असो, महाडीबीटी असो की शेतकरी ओळख क्रमांक, कागद थोड्याफार फरकाने तेच. लोणंदसारख्या कांद्याच्या बाजारगावात सेवा केंद्रावर एका दिवसात पाडेगाव, अंदोरी, तरडगाव अशा गावांची माणसे येतात, आणि प्रत्येकाचे हेच कागद एकाच कॉम्प्युटरवर जमा होतात.

घोळ इथेच होतो. केंद्रचालक प्रत्येक शेतकऱ्याच्या नावाचे फोल्डर करतो आणि आत ‘आधार’, ‘सातबारा’, ‘बँक’ असे पोटफोल्डर ठेवतो. रचना चांगली आहे. पण फोल्डर उघडला की विंडोज खिडकीच्या वरच्या पट्टीवर फक्त शेवटचे नाव दाखवते. दोन शेतकऱ्यांचे फोल्डर उघडे असले तर दोन्ही खिडक्यांवर नुसते ‘सातबारा’. रांग मोठी, लाईट जायची भीती, आणि एकाचा उतारा दुसऱ्याच्या अर्जाला जोडला जातो. अर्ज त्रुटीत निघाला की हेलपाटा मात्र शेतकऱ्याला.

यावर विंडोजमध्येच उपाय आहे. विंडोज १० मध्ये कोणताही फोल्डर उघडून वर ‘व्ह्यू’ दाबावे आणि उजव्या टोकाच्या ‘ऑप्शन्स’वर जावे. विंडोज ११ मध्ये वरच्या पट्टीतल्या तीन टिंबांवर दाबले की ‘ऑप्शन्स’ सापडते. छोटी चौकट उघडते. तिच्यातल्या ‘व्ह्यू’ टॅबमध्ये ‘डिस्प्ले द फुल पाथ इन द टायटल बार’ अशी ओळ आहे. तिच्यासमोर खूण करून ‘अप्लाय’ आणि ‘ओके’. आता पट्टीवर ‘सातबारा’ऐवजी डी ड्राइव्हपासूनचा सगळा पत्ता येतो, मधे शेतकऱ्याच्या नावासकट. अजून विंडोज ७ चालवणाऱ्यांना याचा फारसा उपयोग नाही. तिथे ही सोय फक्त जुन्या ‘क्लासिक’ थीमपुरती आहे.

दुसरी अडचण खालच्या टास्कबारची. तिथे सगळे फोल्डर एकाच पिवळ्या चित्राखाली गोळा होतात. विंडोज १० मध्ये टास्कबारवर उजवे बटण दाबून ‘टास्कबार सेटिंग्ज’मध्ये जावे आणि ‘कम्बाइन टास्कबार बटन्स’ला ‘नेव्हर’ करावे. मग प्रत्येक खिडकीचे बटण वेगळे आणि त्यावर नाव. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आले तेव्हा ही सोय काढून टाकली होती. लोकांनी ओरड केली, आणि २०२३ च्या अपडेटमध्ये ती परत आली. तिथे ती ‘टास्कबार बिहेव्हिअर्स’ खाली मिळते.

पण दोन्ही सोयी एकदम चालू केल्या की नवीच गंमत होते. टास्कबारचे बटण लहान, पत्ता लांब. बटणावर सुरुवातीचा भाग तेवढा मावतो आणि कामाचे नाव कापले जाते. म्हणून डी ड्राइव्हच्या आत ‘ऑफिस’, त्यात ‘नवीन’, त्यात ‘कामे’ अशी उतरंड ठेवू नये. ड्राइव्हमध्ये थेट शेतकऱ्याचे नाव आले तर ते बटणावरही दिसते. विंडोज ११ च्या फोल्डरमधले टॅबही अरुंद असतात, तिथेही हेच लागू.

नाव देताना सगळ्यांना हमखास अडवणारी गोष्ट म्हणजे तिरकी रेघ. फोल्डरला ‘७/१२’ असे नाव विंडोज घेतच नाही, कारण तिरकी रेघ पत्त्यातले फोल्डर वेगळे करण्यासाठी राखून ठेवलेली आहे. गट नंबरमधला हिस्सा आणि तारीख यांचेही तेच. ‘७-१२’ किंवा अक्षरी ‘सातबारा’ लिहावे, ‘८अ’ला काही हरकत नाही. नाव मराठीत चालते, पण युनिकोडमध्ये टाइप केलेले हवे. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या सवयीने टाइप केले तर फोल्डरवर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फोल्डरच्या नावाला असा खास फाँट लावता येत नाही. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आधीपासून आहे, आणि २०१९ च्या अपडेटपासून इंग्रजी उच्चाराप्रमाणे टाइप करायचा फोनेटिक कीबोर्डही आला आहे.

एका गावात एकाच नावाचे दोघे असतातच. त्यामुळे नाव, वडिलांचे नाव आणि गाव एवढे तरी असावे. वेगळेपणासाठी आधार नंबर किंवा मोबाईल नंबर घालायचा मोह टाळावा, कारण आता तो पट्टीवर मोठ्या अक्षरात दिसणार आणि काउंटरपलीकडे उभा असलेला कोणीही वाचणार.

आणि खरी मेख पुढेच आहे. पोर्टलवर कागद चढवताना ‘चूज फाइल’ दाबले की जी चौकट उघडते, तिला वरची सेटिंग लागू होत नाही. तिच्या डोक्यावर नुसते ‘ओपन’ असते, पत्ता त्याखालच्या पट्टीत बघावा लागतो. फाइल निवडल्यावर तर अर्जासमोर फक्त फाइलचे नाव उरते, फोल्डर गायब. म्हणजे स्कॅनरने दिलेले ‘स्कॅन ०००१’ किंवा व्हॉट्सअॅपचे तारीख-वेळेचे नाव तसेच ठेवले असेल, तर ‘सबमिट’च्या आधी चूक दिसायला काही मार्गच नाही. फाइल निवडून एफ २ दाबावे आणि नाव बदलावे : ‘शिंदे-अंदोरी-सातबारा’. पाच सेकंदांचे काम आहे. काही पोर्टल मराठी नावाची फाइल नाकारतात, तेव्हा तेच नाव इंग्रजी अक्षरांत द्यावे.

अर्ज भरून घेणाऱ्या शेतकऱ्यानेही स्क्रीन आपल्याकडे वळवून मागायला संकोच करू नये. शेवटचे बटण दाबण्याआधी प्रत्येक फाइल उघडून त्यातले नाव आणि गट नंबर डोळ्यांनी बघावा.