पाट आणि पांढरें कपाळ

कांहीं वर्षांपूर्वीं यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यांतील एका खेड्यांत आम्हांस दुःखाच्या प्रसंगानें जावें लागलें. आमच्या एका विद्यार्थ्याच्या मेहुण्यानें कर्जापायीं जीव दिला होता, व त्या दिवशीं त्याचा दहावा होता. पुरुषमंडळी पाराजवळ बसली होती. घराच्या मागील अंगास न्हाणीपाशीं बायकांचा घोळका होता. तेथें काय चाललें आहे हें कोणी आम्हांस सांगितलें नाहीं, व सांगण्याची गरजहि नव्हती. दगडावर बांगड्या फुटल्याचा आवाज पारापर्यंत आला. कुंकूं पुसलें गेलें, जोडवीं उतरलीं, मंगळसूत्र निघालें. मुलगी चोवीस वर्षांची होती. शेजारीं एक गृहस्थ बसले होते, ते स्वतः शाळामास्तर. त्यांस आम्हीं हळूच विचारलें, “हें टाळतां आलें नसतें काय?” ते म्हणाले, “वाडवडिलांपासून चालत आलेली चाल आहे, सर. आपण मोडणारे कोण?”

आम्ही इतिहासाचे अध्यापक असल्यामुळें ‘वाडवडिलांपासून’ हा शब्द कानीं पडला कीं कोणते वाडवडील व केव्हांपासून, असें विचारण्याची खोड आम्हांस जडली आहे. सुतकी मंडळींत ती खोड अप्रशस्त होय, म्हणून आम्ही गप्प राहिलों. परंतु निघण्यापूर्वीं त्या मुलीच्या आजेसासूशीं दोन शब्द बोलण्याचा योग आला. म्हातारी ऐंशीच्या घरांतली, स्वतः तरुणपणीं विधवा झालेली. आणि नातसुनेच्या बांगड्या फोडणारे हात तिचेच होते. बोलतां बोलतां ती सहज म्हणाली, “माही आजी पाटाचीच होती, मास्तर. तवा कोनी नाव नाई ठेवलं.” हा लेख त्या एका वाक्यावरून सुचला आहे.

पाट ही काय चीज होती हें आजच्या तरुण वाचकांस सांगावें लागेल. वऱ्हाडांतील कुणबी, माळी, तेली इत्यादि कष्टकरी जातींत विधवेस दुसरा घरोबा करण्याची मुभा होती. त्या विधीस पाट किंवा म्होतूर म्हणत. लग्नाचा थाट त्यास नव्हता. तो रात्रीं, बहुधा वद्य पक्षांत, थोडक्या माणसांच्या देखत उरकण्यांत येई. दिराशीं पाट लागे, पण नवऱ्याच्या थोरल्या भावाशीं तो निषिद्ध असे. पहिल्या लग्नापेक्षां त्याचा मान कमी होता, यांत शंका नाहीं. तथापि पाटाची बायको ही बायकोच होती, व तिचीं मुलें औरस होतीं. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनीं १९१६ सालीं मध्यप्रांतांतील जातीजमातींविषयीं जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत ही चाल नोंदलेली आहे. त्याच वेळीं, त्याच मुलुखांत, देशमुख म्हणविणारीं घराणीं मात्र पाट वर्ज्य मानीत. ही शेवटली गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

कारण या कोड्याची किल्ली तेथेंच आहे. ज्या घरांत पाट लागत नाहीं तें घर मोठें, अशी समजूत एकदां दृढ झाली म्हणजे मोठें होऊं पाहणाऱ्या प्रत्येक घरास पहिला त्याग कोणता करावा हें वेगळें शिकवावें लागत नाहीं. शेत वाढलें, दोन पैसे गांठीं आले, मुलगा इंग्रजी शाळेंत गेला, कीं घरांतील विधवेचें कपाळ पांढरें राहूं लागतें. हा त्याग करणारी एक व त्याचा मान मिळविणारे दुसरे, हा या व्यवहाराचा सोयीचा भाग!

हें आमच्या वऱ्हाडांतीलच एका बाईनें फार पूर्वीं ओळखलें होतें. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचें ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें पुस्तक १८८२ सालीं पुण्यास छापलें गेलें. सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या ब्राह्मण विधवेस आपल्या अर्भकाच्या हत्येबद्दल १८८१ सालीं फांशीची शिक्षा झाली व पुढें ती कमी करण्यांत आली. त्या खटल्यावरून वर्तमानपत्रांत स्त्रीजातीवर जी आगपाखड झाली तिच्या संतापांतून हें पुस्तक निघालें. पण ताराबाई ब्राह्मणांपाशींच थांबल्या नाहींत. पुनर्विवाहाची बंदी इतर जातींत व विशेषतः कुळीन मराठ्यांत कशी मुरली आहे, याकडेहि त्यांनीं बोट दाखविलें. त्या स्वतः मराठा कुळांतील होत्या, तेव्हां ही टीका घरच्यांवर होती. आणि घरच्यांवरील टीका कोणासच रुचत नाहीं. जोतीराव फुले यांनीं ‘सत्सार’च्या अंकांत १८८५ सालीं त्यांची बाजू घेतली. त्यानंतर त्या पुस्तकाचा जवळजवळ विसर पडला, तो १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें पुन्हां उजेडांत आणीपर्यंत.

पुण्यामुंबईच्या सुधारकांची कहाणी सर्वश्रुत आहे. ती येथें लांबवीत नाहीं. १८५६ सालीं विधवाविवाहाचा कायदा झाला. १८७० सालीं पुण्यास शंकराचार्यांपुढें शास्त्रार्थ होऊन निर्णय सुधारकांविरुद्ध गेला. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते न्यायमूर्ति रानडे यांची प्रथम पत्नी १८७३ सालीं वारली, तेव्हां त्यांनीं वडिलांच्या आग्रहापुढें मान तुकवून अकरा वर्षांच्या कुमारिकेशीं लग्न केलें. हायकोर्टाच्या न्यायासनापर्यंत पुढें जो पुरुष पोंचला त्यास आपल्या घराचा उंबरठा ओलांडवला नाहीं! धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं शारदा सदनांतील विधवा गोदूबाईंशीं विवाह केला, तेव्हां त्यांच्या मुरूड गांवानें त्यांच्यावर बहिष्कार घातला. एकजिनसी गांवाची माया व गांवाचा धाक हीं एकाच तागडीचीं दोन पारडीं आहेत, हें कर्व्यांच्या आत्मचरित्रांत पदोपदीं दिसतें.

मात्र या साऱ्या चळवळीची दृष्टि ब्राह्मणी घरांतील केशवपनावर व आलवणावर खिळलेली होती. तसें होणें स्वाभाविक होतें, कारण दुःख तेथें सर्वांत उघडें होतें. परंतु कायद्याचा परिणाम खालीं काय झाला, याकडे फार थोड्यांचें लक्ष गेलें. १८५६ च्या कायद्याच्या दुसऱ्या कलमानें पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील हक्क, जणूं ती मेली असें समजून, संपुष्टांत येई. ज्या जातींत पाट पूर्वींपासून होताच, त्यांच्या विधवांसहि हें कलम लागू आहे काय? अलाहाबादच्या हायकोर्टानें नाहीं म्हटलें. मुंबईच्या हायकोर्टानें होय म्हटलें. म्हणजे जो कायदा विधवेस मोकळें करण्यासाठीं झाला तोच मुळांत मोकळ्या असलेल्या विधवेच्या वाटेंत येऊन बसला. हा कायदा १९८३ सालीं रद्द झाला, आणि त्यापूर्वींच १९५६ च्या वारसा कायद्यानें विधवेस नवऱ्याच्या मिळकतींत मालकी हक्काचा वाटा दिला होता.

येथें आमचें एक अनुमान नमूद करतों. तें अनुमानच समजावें. १९०५ पर्यंत वणी जिल्हा या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या आमच्या या प्रदेशांत अमेरिकेंतील यादवीनंतर कापसाची जमीन सोन्याची झाली. जमिनीस भाव आला म्हणजे ती कोणाकडे जाते याची काळजी वाढते. जी विधवा नवऱ्याच्या घरांत पांढऱ्या कपाळानें राहते, ती हक्काचा शब्द काढीत नाहीं, दीर देईल तें खाते व शेतांत राबते. तिला देवीपण देणें भावकीस स्वस्त पडतें. धर्माचें नांव घेऊन चालणाऱ्या चालींत सातबाऱ्याचा उतारा कितीदां दडलेला असतो, हें तलाठ्यास विचारावें.

आमच्या स्वतःच्या घराची गोष्ट सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. दारव्ह्यास आमच्या वडिलांची आत्या होती. नवव्या वर्षीं लग्न, अकराव्या वर्षीं वैधव्य. आमच्या लहानपणीं ती लाल आलवणांत, चुलीपाशीं, पाठमोरी बसलेली आम्हीं पाहिली आहे. तिच्या मागें आमच्या घरांतून ती चाल नाहींशी झाली. कोणी ठराव केला नाहीं, कोणी प्रायश्चित्त घेतलें नाहीं; आम्हीं ती गुपचूप सोडून दिली. ज्यांनीं आमचें पाहून ती उचलली होती, त्यांस मात्र आम्ही ‘आम्हीं सोडली, तुम्हीहि सोडा’ असें सांगावयास गेलों नाहीं.

आणि ज्या वेळीं आम्हीं सोडली त्याच सुमारास ती चाल या जिल्ह्यांत नव्या संख्येनें बळी घेऊं लागली. महागांव तालुक्यांतील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्यानें १९८६ च्या मार्च महिन्यांत सहकुटुंब मरण पत्करलें. पुढें अशा बातम्या इतक्या आल्या कीं यवतमाळचें नांव त्यांच्याशींच जोडलें गेलें. २००६ सालीं पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भांत येऊन सहा जिल्ह्यांसाठीं मदतीची योजना जाहीर करून गेले. मदतीच्या पात्रतेचे नियम झाले, कागद झाले. मागें राहिलेल्या तरुण बायकांच्या कपाळाविषयीं कोणत्याहि कागदांत ओळ नव्हती. २०१९ च्या जानेवारींत यवतमाळास ९२ वें साहित्यसंमेलन भरलें. श्रीमती नयनतारा सहगल यांचें निमंत्रण मागें घेण्यांत आलें, आणि उद्घाटन कळंब तालुक्यांतील श्रीमती वैशाली येडे यांच्या हातून झालें. त्या स्वतः शेतकरी विधवा. एकीकडे लाज वाटावी असा तो प्रसंग. पण त्याच मांडवांत महाराष्ट्रानें एका विधवेस शुभकार्याचा पहिला मान दिला, हेंहि खरें.

विधवेचा हा मान नाकारणाऱ्या चाली ठरावानें बंद करण्याचें पहिलें धाडस मात्र आमच्या जिल्ह्याबाहेर झालें. कोल्हापूर संस्थानांत शाहू महाराजांनीं १९१७ सालींच पुनर्विवाहाचा कायदा केला होता. त्याच मुलुखांतील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड गांवानें ४ मे २०२२ रोजीं ग्रामसभा भरवून बांगड्या फोडणें, कुंकूं पुसणें, मंगळसूत्र व जोडवीं काढणें या चाली बंद करण्याचा ठराव केला. लगोलग १७ मे रोजीं सरकारनें परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींस तोच कित्ता सुचविला. परिपत्रकाच्या सामर्थ्यावर आमचा फारसा विश्वास नाहीं. परंतु ठराव गांवानें केला, ही गोष्ट निराळी. जो गांव मुरूडास सभा भरवून बहिष्कार घालतो, तोच गांव हेरवाडास सभा भरवून बहिष्कार उठवितो.

घाटंजीकडील त्या मुलीविषयीं तिच्या भावाकडून अधूनमधून कळतें. ती माहेरीं आली म्हणजे काचेच्या हिरव्या बांगड्या भरते. परत जातांना एस.टी. गांवच्या फाट्यावर आली कीं त्या उतरवून पिशवींत ठेवते. एकदां आजेसासूनें ती पिशवी उघडली, बांगड्या पाहिल्या, आणि पुन्हां बंद करून जागच्या जागीं ठेवून दिली.