यशवंत कोणाचा?

गिरणीत बदली कामगार असे. काम मिळे, पगार मिळे. पण मस्टरवर नाव कायम नसल्याने तो आपला डबा निर्धास्तपणे खुंटीला टांगत नसे. दत्तक घेतलेल्या किंवा सांभाळायला ठेवलेल्या मुलाचे मन पुष्कळदा असेच असते. ते एकतर फार शहाण्यासारखे वागते, नाहीतर मुद्दाम खोड्या काढून बघते की हे लोक आता मला हाकलतात का! इंग्लंडातले डॉ. जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. लहानपणी मायेच्या माणसाचा अखंड सहवास लाभला नाही, तर मुलाला पुढे कोणावर विसंबणे जड जाते, असे त्यात मांडले आहे.

पुण्यात हे दुःख त्याआधीच दाराशी आले होते. १८६३ साली जोतीराव फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवेने तेथे गुपचूप बाळंत व्हावे, हवे तर मूल ठेवून जावे. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा १८७४ साली फुले दांपत्याने आपला केला. तो यशवंत. सावित्रीबाईंनी त्याला तान्हेपणापासून वाढवले. मायेत खंड पडला नाही.

पण भाऊबंदांनी त्याला घरचा मानावे, हे कोणाच्या हाती? जुन्या शास्त्रात दत्तक हा वंशासाठी आणि पिंडासाठी; मुलाच्या मनाची चौकशी तेथे नाही. म्हणून जोतीरावांनी १८८७ साली मृत्युपत्र करून मिळकत यशवंताच्या नावे केली. मात्र मुलगा नालायक निघाला, तर ती दुसऱ्या लायक मुलाला द्यावी, असेही त्यात लिहिले. जोतीरावांना मी गुरुस्थानी मानतो, तरी या कलमापाशी थबकतो. पोटच्या मुलालाही त्यांनी हीच अट घातली असती, यात मला शंका नाही. पण तेरा वर्षांच्या दत्तक पोराच्या कानाला ती निराळी लागली असेल.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. टिटवे धरण्याच्या यशवंताच्या हक्काला भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनीच ते हाती घेतले. त्यांच्या धैर्याचे कौतुक आपण करतो, आणि ते योग्यच आहे. पण बापाच्या तिरडीपाशी ज्याचे मुलगेपण चव्हाट्यावर आले, त्या सोळा वर्षांच्या पोराची आठवण कोणी काढीत नाही.

पुढे यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात हडपसरच्या बाजूस, ससाण्यांच्या माळावर त्याने दवाखाना चालवला. सावित्रीबाई रोगी घेऊन येत, तो औषधोपचार करी. त्याच साथीत १० मार्चला सावित्रीबाई गेल्या.