रंगमंचावरून पडद्यावर : ‘अमृतसिद्धी’ आणि ‘साध्वी मीराबाई’

बोलपट आला आणि संगीत नाटक संपले, हे विधान मराठी नाट्येतिहासात इतक्यांदा आले आहे की, ते तपासण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. वस्तुतः बोलपटाने संगीत नाटकाला प्रथम घरात घेतले होते. ‘अयोध्येचा राजा’ (1932) या पहिल्या मराठी बोलपटाचे नायक व संगीतकार गोविंदराव टेंबे हे 1913 साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या संस्थापक भागीदारांपैकी एक. बलवंत संगीत मंडळीच्या चालकांनी तर 1934 मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट स्वतःच काढला. दिग्दर्शनात चिंतामणराव कोल्हटकरांच्या जोडीला अमरावतीत जन्मलेले विश्राम बेडेकर होते. (वऱ्हाडचे नाव या इतिहासात बहुधा कंपन्यांच्या दौऱ्यांपुरतेच येते, म्हणून ही नोंद.)

बालगंधर्वांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त (1935) ते एकनाथांच्या पुरुषभूमिकेत दिसले. 1937 मध्ये मात्र व. शां. देसाई यांच्या ‘अमृतसिद्धी’ (1933) या नाटकावरून ‘साध्वी मीराबाई’ निघाला आणि रंगमंचावरील मीराच कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. माध्यमांतर म्हणावे असे त्यात फारसे नव्हते. नाटकाचेच ते चित्रण होते.

त्याच्या अपयशाचे रूढ स्पष्टीकरण वयाचे. बालगंधर्वांचा जन्म 1888 चा. पन्नाशीचा पुरुष मीरा म्हणून कॅमेऱ्याला मानवला नाही, असे म्हटले जाते. ते खोटे नाही. दुर्गा खोटे यांची तारामती पाहिलेल्या प्रेक्षकाला स्त्रीभूमिकेचा जुना संकेत पडद्यावर मान्य होणे अवघडच होते. परंतु तेच वय, तीच देहयष्टी नाट्यगृहात खपत होती. तेव्हा प्रश्न पदाच्या स्वरूपाकडे वळतो. वन्समोअरच्या देवाणघेवाणीत नाट्यपद दर रात्री नव्याने घडत असे. फितीवर त्याची लांबी कायमची ठरली. यावर आक्षेप असा की, ग्रामोफोनच्या तबकडीने तर पदाला अवघ्या तीन-साडेतीन मिनिटांत कोंडले होते, तरी ते तेथे बहरले. आक्षेप रास्त आहे. फरक एवढाच की, तबकडीतून गाणाऱ्याचा देह वगळलेला होता. ऐकणारा स्मरणातला रंगमंच स्वतः उभा करी. बोलपटाने देह परत आणला, नेपथ्य आणले, आणि श्रोत्याच्या स्मरणाला जागाच ठेवली नाही.

स्पेनमध्ये बेनितो पेरोहो यांनी 1935 मध्ये ‘ला वेर्बेना दे ला पालोमा’ ही 1894 ची सार्सुएला पडद्यावर आणली, तेव्हा माद्रिदचा जत्रेतला रस्ता त्यांच्या हाताशी होता. मूळ संगीतच वस्तीतल्या माणसांचे होते. गायकीप्रधान नाट्यपदाला असा रस्ता सापडणे कठीण.

मात्र एका वर्षापूर्वीच तो सापडला होता. ‘संत तुकाराम’मधील (1936) विष्णुपंत पागनीसही स्त्रीभूमिका करणारे नटच, पण तेथे अभंग कामाधामातून, माणसांच्या घोळक्यातून उगवतो आणि आटोपशीर राहतो. पागनीसांनी रंगमंच मागे ठेवला होता. बालगंधर्व 1937 नंतर त्याच रंगमंचावर परतले.